विळा, वल्हं आणि दरबारी माणसं: ओकिनावाच्या कोबुदोचा इतिहास

एका पालकांनी विचारलं आहे: "माझी मुलगी दोन वर्षं कराटेच्या क्लासला जाते. यंदापासून तिला बो ही लांब काठी आणि नानचाकू, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या दोन छोट्या काठ्या, शिकवायला घेतलं आहे. क्लासमध्ये सांगितलं की जपान्यांनी ओकिनावा बेट जिंकलं, लोकांची सगळी शस्त्रं काढून घेतली, मग तिथल्या गरीब शेतकऱ्यांनी शेतीची अवजारं हातात घेऊन सामुराईंशी लढायची ही विद्या रात्री चोरून तयार केली. हे खरं आहे की मुलांना सांगायची गोष्ट आहे?"

बेट जिंकलं हे खरं आहे. शस्त्रांवर बंधनं आली हेही खरं आहे, आणि काही हत्यारं घरातल्या-शेतातल्या वस्तूंपासून आली हे नाकारता येत नाही. पण शेतकऱ्यांनी सामुराईंविरुद्ध ही विद्या घडवली, हा जो मधला भाग सगळ्यांना आवडतो, तो इतिहासात बसत नाही. मी स्वतः पहिली काही वर्षं विद्यार्थ्यांना हीच गोष्ट सांगत होतो. माझ्या शिक्षकांनी मला सांगितली, मी पुढे सांगितली. ती का सोडली ते जरा सविस्तर लिहितो, कारण हत्यार कुणाचं होतं हे कळलं की ते हातात धरण्याची पद्धतसुद्धा बदलते.

जपानच्या दक्षिणेकडच्या क्यूशू बेटापासून तैवानपर्यंत समुद्रात बेटांची लांबलचक माळ पसरली आहे. ओकिनावा त्यातलं सगळ्यांत मोठं बेट. १९व्या शतकापर्यंत तो जपानचा प्रांत नव्हता, रयुक्यू नावाचं वेगळं राज्य होतं. १४२९ साली शो हाशी या राजानं बेटावरची तीन भांडणारी राज्यं एक केली आणि शुरीच्या गडावरून कारभार सुरू केला. राज्य लहान, जमीन बेताची, त्यामुळे सगळा चरितार्थ समुद्रावर. चीनच्या बादशहाला नजराणा पाठवायचा आणि त्या बदल्यात व्यापाराची परवानगी मिळवायची. रयुक्यूची जहाजं चीनमधल्या फूचौ बंदरात जात, तशी सयाम, मलाक्का आणि जावापर्यंतही जात. नाहा बंदराला लागून कुमे नावाची चिनी लोकांची वस्ती १४व्या शतकाच्या अखेरीपासून होती. चाच्यांनी भरलेल्या समुद्रातून मालानं भरलेली जहाजं नेणारं राज्य शस्त्रविद्येशिवाय राहिलं असेल, हे मला कधीच पटलं नाही. कोबुदोचा, म्हणजे ओकिनावाच्या या जुन्या शस्त्रविद्येचा, उगम शोधायचा तर शेताच्या बांधाऐवजी आधी या जहाजांकडे बघावं लागतं.

शस्त्रबंदीची गोष्ट साधारणपणे दोन टप्प्यांत सांगतात. पहिली बंदी राजा शो शिन याची, दुसरी सात्सुमाची. दोन्ही नीट तपासून बघू.

शो शिन १४७७ ते १५२६ असा दीर्घकाळ गादीवर होता. त्यानं गावोगावच्या सरदारांना आपापल्या गढ्या सोडून शुरीत येऊन राहायला लावलं. १५०९ साली शुरीच्या मुख्य महालाच्या कठड्यावर त्याच्या कामगिरीचा एक लेख कोरला गेला. त्या लेखातल्या एका कलमाचा अर्थ 'राजानं तलवारी आणि धनुष्यबाण लोकांकडून गोळा करून कोठारात टाकले' असा लावला गेला, आणि ओकिनावाचे थोर अभ्यासक इहा फुयू यांच्यामुळे तो रूढ झाला. प्रत्यक्षात ते कलम राज्याच्या रक्षणासाठी तलवारी, धनुष्य आणि बाण यांचा साठा केल्याचं सांगतं, आणि धनात व शस्त्रसामग्रीत आपण इतर देशांच्या पुढे आहोत असा अभिमान मिरवतं. राजानं कोरून घेतलेली शस्त्रसज्जतेची बढाई नंतरच्या वाचकांनी निःशस्त्रीकरण म्हणून वाचली. जगभरच्या कराटे क्लासच्या भिंतींवर जे पाचशे वर्षांपूर्वीच्या शस्त्रबंदीबद्दल लिहिलेलं असतं, त्याचं मूळ या एका कलमाच्या वाचनात आहे.

आता सात्सुमा. दक्षिण क्यूशूतलं हे शिमाझू घराण्याचं संस्थान. १६०९ साली त्यांच्या सुमारे ३,००० माणसांनी रयुक्यूवर स्वारी केली. नाहा बंदराच्या तोंडाशी असलेल्या तटबंदीवरून त्यांच्या जहाजांवर तोफा डागल्या गेल्या. शंभर वर्षांपूर्वी शस्त्रं काढून घेतलेलं राज्य तोफा कुठून डागणार? शेवटी सात्सुमाच्या तोड्याच्या बंदुका आणि लढायांत मुरलेले शिपाई यांच्यापुढे निभाव लागला नाही. शुरी पडली, राजा शो नेई याला पकडून नेलं आणि १६११ साली तो परत आला, तो मांडलिक होऊन.

यानंतर बंधनं आली. १६१३च्या हुकमानुसार बंदुकांवर बंदी होती, पण राजघराण्यातली आणि सरदार-अधिकारी वर्गातली माणसं स्वतःच्या तलवारी बाळगू शकत होती. शस्त्रांची दुरुस्ती सात्सुमाच्या देखरेखीखाली व्हायची. पुढे शस्त्रं बाहेरून आणण्यावरही निर्बंध आले. म्हणजे हा ताबा होता, नियंत्रण होतं, पण घरोघरी जाऊन कोयता-सुरी जप्त करणं असा प्रकार नव्हता. सात्सुमाची माणसं बेटावर मूठभरच असत. चीनशी चालणारा व्यापार त्यांना हवा होता आणि चीनला आपल्या ताब्याचा पत्ता लागू द्यायचा नव्हता. त्यामुळे रोजचा कारभार, पोलिसी, करवसुली हे सगळं रयुक्यूचेच अधिकारी करत राहिले. शेतकऱ्यांनी सामुराईंशी अवजारांनी लढाया केल्या, अशी एकही लढाई या काळाच्या नोंदींमध्ये सापडत नाही.

'शस्त्रं नसलेलं बेट' ही कल्पना जगात पसरवण्यात एका ब्रिटिश माणसाचाही हात आहे. बेसिल हॉल नावाचा आरमारी कप्तान १८१६ साली ओकिनावाला आला होता. त्याला तिथं शस्त्रं दिसली नाहीत. परतीच्या वाटेवर १८१७ साली तो सेंट हेलेना बेटावर कैदेतल्या नेपोलियनला भेटला आणि त्यानं हे सांगितलं. शस्त्रं नाहीत तर हे लोक लढतात कसे, हे नेपोलियनला काही केल्या पटेना. परक्या युद्धनौकेच्या कप्तानासमोर आपली शस्त्रं मांडून ठेवायला रयुक्यूचे अधिकारी काही भोळे नव्हते, हे लक्षात घेतलं की हॉलचं निरीक्षण किती वरवरचं होतं ते कळतं.

मग ही विद्या कुणाची? याचं उत्तर कोणत्याही ग्रंथापेक्षा कातांच्या नावांत जास्त स्पष्ट मिळतं. काता म्हणजे हालचालींची ठरलेली, पाठ केलेली मालिका, हे तुमच्या मुलीला माहीत असेलच. बोच्या काताला ओकिनावात 'कुन' किंवा 'कोन' म्हणतात. साकुगावा नो कुन म्हणजे साकुगावाची काठी. चातान यारा नो साई म्हणजे चातानच्या याराची साई, आकड्यांचं लोखंडी हत्यार. चातान हे पश्चिम किनाऱ्यावरचं गाव, आज त्याच्या शेजारी अमेरिकेचा कादेना हवाई तळ आहे. हामाहिगा हे पूर्वेकडचं छोटं बेट, त्याच्या नावानं टोन्फाचा, म्हणजे आडव्या मुठीच्या लाकडी दांड्याचा, काता आहे. उरासोए, सेसोको, त्सुकेन ही सगळी गावांची नाहीतर बेटांची नावं. आणि ज्या माणसांची नावं काताला आहेत, त्यांच्यापैकी बरीचशी 'पेचिन' म्हणून ओळखली जातात. पेचिन हा रयुक्यूच्या दरबारी अधिकाऱ्यांचा दर्जा होता. म्हणजे ही मंडळी कारकून, पहारेकरी, फौजदार, वकिलातीबरोबर जाणारे अधिकारी होती. सराव करायला वेळ, शिकवायला गुरू आणि चीनपर्यंतचा प्रवास हे सगळं याच वर्गाला मिळत होतं.

हामाहिगा पेचिनबद्दल एक हकीकत मला फार आवडते. रयुक्यूची शिष्टमंडळं १६३४ ते १८५० या काळात १८ वेळा एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाच्या, दरबारी गेली. १६८२च्या शिष्टमंडळात हामाहिगा नावाचा एक पेचिन होता आणि तो 'गो' या पटावरच्या खेळात तरबेज होता. त्या वेळचा जपानचा सर्वश्रेष्ठ गो खेळाडू होनिनबो दोसाकू याच्याशी तो चार सोंगट्यांची सवलत घेऊन खेळला आणि १४ गुणांनी हरला. त्या डावाची नोंद आजही आहे, गो खेळणारे लोक तो डाव मांडून अभ्यासतात. कोबुदोच्या परंपरेत सांगतात की टोन्फा आणि साईचा हामाहिगा तो हाच. डावाचा पुरावा कागदावर आहे, हत्याराचा तोंडी परंपरेत आहे. मी विद्यार्थ्यांना दोन्ही गोष्टी तशाच वेगवेगळ्या सांगतो. पण ज्या माणसाला आपण नांगरावरून उठून लढायला आलेला शेतकरी समजत होतो, त्याच्याच नावाचा एक अधिकारी शोगुनच्या राजधानीत पटावर डोकं चालवत बसला होता, हे चित्र एकदा मनात बसलं की जुनी गोष्ट पुन्हा सांगवत नाही.

आता न्याय दोन्ही बाजूंनी करायला हवा. शेतकरी या कथेत अजिबात नाहीत असं मी म्हणत नाही. एक तर ओकिनावाच्या गावोगावच्या उत्सवांत काठीचे खेळ होतात, सगळं गाव त्यात उतरतं, आणि ती परंपरा सामान्य माणसांची आहे. आपल्याकडे कोल्हापूरच्या तालमींतला मर्दानी खेळ जसा सणाला रस्त्यावर येतो, तसंच ते बघायला वाटतं. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. १८व्या शतकापासून रयुक्यूच्या अधिकारी वर्गात माणसं जास्त आणि जागा कमी अशी अवस्था झाली. तनखा नाही, पद नाही, अशी कितीतरी घराणी शुरी-नाहा सोडून खेड्यात गेली आणि पडीक जमिनी कसू लागली. या वस्त्यांना 'यादुई' म्हणत. १८७९ साली जपाननं रयुक्यूचं राज्य खालसा केलं, शेवटचा राजा शो ताई तोक्योला नेला गेला, आणि उरलेल्यांचेही आधार सुटत गेले. म्हणजे विळा धरणारा हात शेतकऱ्याचा झाला होता हे खरं, पण त्या हातानं आजोबांकडून घेतलेलं शिक्षण दरबारी होतं. माझ्या मते 'शेतकऱ्यांची विद्या' ही गोष्ट इथूनच जन्मली. १९व्या शतकाच्या शेवटी जो कुणी खेड्यात जाऊन बघेल, त्याला शेतात राबणारा माणूस संध्याकाळी काठी फिरवताना दिसेल. तो कोणत्या घराण्यातून आला हे त्याच्या कपड्यांवरून कळणार नाही.

हत्यारं एकेक करून बघितली तर प्रत्येकाची कुळकथा वेगळी निघते.

बो म्हणजे सहा शाकूंची काठी. एक शाकू ३०.३ सेंटीमीटर, म्हणजे काठी साधारण १८२ सेंटीमीटर. मधे जाड, दोन्ही टोकांना निमुळती. काठी ही जगभर सगळ्यांची, तिच्यावर कुणाचाच हक्क सांगता येत नाही. लहानपणी मी लाठी शिकलो होतो, तेव्हा बो सोपा जाईल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. लाठीत आम्ही मनगटावर काठी गरगर फिरवायचो. बोमध्ये काठी हाताच्या मुठीतून पुढे-मागे सरकते. एक हात चालवतो, दुसरा हात फक्त वाट दाखवतो. पहिले तीन महिने मला फक्त ते सरकणं शिकवलं. तळव्यावरची कातडी गेली, पुन्हा आली, मग काठी मऊ वाटायला लागली.

साई हे मधला लांब दांडा आणि दोन्ही बाजूंना आकडे असलेलं लोखंडी हत्यार. अनेकांना ती त्रिशूळासारखी दिसते, आणि आपल्याकडच्या काही क्लासमध्ये ती भारतातून गेली असं ठामपणे सांगतात. असा दांडा चीनमध्ये आहे, इंडोनेशिया-मलायात आहे, जपानी पोलिसांचं 'जित्ते' हे एक आकडा असलेलं भावंड आहे. व्यापाराच्या वाटेवर ते सगळीकडे दिसतं, एवढंच मी सांगतो. काहीजण साईला रोपं लावायला जमिनीत भोक पाडायचं अवजार म्हणतात. साई एकदा हातात घेऊन बघा: लोखंड त्या काळी महाग, आणि ते जड आकडे भोक पाडायला कशाला हवेत? साईला धार नसते. ती अडवायला, मनगट अडकवून पकडायला, मुठीच्या बोंडानं ठोसा मारायला आहे. जिवंत पकडायचं हत्यार कुणाला लागतं? पोलिसाला. आणि परंपरा तेच सांगते. १९व्या शतकाच्या उत्तरार्धातले साईचे नामांकित गुरू कानागुसुकु हे 'उफुचिकु' या नावानं ओळखले जातात, आणि उफुचिकु म्हणजे पोलिसांतला वरिष्ठ अधिकारी. म्हणून मी साई शिकवताना विद्यार्थ्याला सांगतो, समोरच्याला ठार करायचं नाही, पकडायचं आहे. तेवढ्यानं त्याच्या खांद्यातला अनावश्यक जोर कमी होतो.

टोन्फा म्हणजे आडवी मूठ असलेला, कोपरापर्यंत पोचणारा लाकडी दांडा. हा जात्याचा खुंटा होता असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मी आजीच्या घरचं जातं समोर ठेवून ते पडताळून बघितलं. खुंटा वीतभर, सरळ, वरच्या तळीच्या कडेला ठोकलेला. टोन्फाचा दांडा त्याच्या दुप्पट-अडीचपट लांब आणि मूठ त्याला काटकोनात. जात्याचं प्रत्येक देशात थोडं वेगळं रूप असतं, त्यामुळे एका आजीच्या जात्यावरून निकाल देत नाही. पण हुबेहूब याच घाटाची हत्यारं चीनमध्ये 'ग्वाय' आणि थायलंडमध्ये 'माय सोक' या नावांनी आहेत, आणि रयुक्यूची जहाजं दोन्हीकडे जात होती. मला जहाजाची वाट जास्त पटते. १९७०च्या दशकात अमेरिकन पोलिसांनी आडव्या मुठीचा जो दंडुका वापरात आणला, तो या टोन्फावरूनच.

नानचाकूबद्दल स्पष्टच लिहितो, कारण तुमच्या मुलीच्या हातात तो आहे. लगामाचा भाग, धान्य झोडपायची काठी, अशा त्याच्या उगमाच्या गोष्टी आहेत. पण ओकिनावाच्या परंपरेत तो कधीच मुख्य हत्यार नव्हता. बो आणि साईचे जुने काता डझनांनी आहेत. नानचाकूचे जे काता आज शिकवतात ते बहुतेक २०व्या शतकात रचलेले आहेत. त्याला जगप्रसिद्ध केलं ब्रूस ली यांनी, आणि त्यांना तो दाखवला फिलिपिनी युद्धकलांचे जाणकार डॅन इनोसान्टो यांनी. म्हणजे पडद्यावरचं ते झपाट्याचं फिरवणं ओकिनावाचं नाही. क्लासमध्ये मुलं तेच करायला बघतात, आणि मी त्यांना रोज थांबवतो.

या सगळ्यांत मला जवळचं आहे ते एकू, म्हणजे वल्हं. ओकिनावाच्या कोळ्यांची 'साबानी' नावाची होडी असते, तिचं हे वल्हं. त्याचा प्रसिद्ध काता त्सुकेन आकाचू या नावाचा. त्सुकेन हे ओकिनावाच्या पूर्वेकडचं छोटंसं बेट, आज ते गाजरांसाठी ओळखलं जातं. या कातामध्ये एक हालचाल आहे: वल्ह्याचं पातं तिरकं करून जमिनीला टेकवायचं आणि झटक्यात वर उडवायचं. दोजोच्या, म्हणजे आमच्या तालमीच्या, लाकडी फरशीवर मी ती सात-आठ वर्षं केली, चांगली दिसेल अशी केली. एकदा रेवदंड्याच्या किनाऱ्यावर विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो, तेव्हा वाळूवर करून बघितली. वाळू उडालीच नाही, पातं रुतून बसलं. होडी ओढून बाजूला बसलेले एक वयस्क कोळी काका बराच वेळ बघत होते. ते उठले, माझ्या हातातलं वल्हं घेतलं, पातं माझ्यापेक्षा कितीतरी आडवं धरलं आणि मनगटाऐवजी कमरेनं उचललं. वाळूचा फवारा थेट माझ्या छातीवर आला. "पाणी असंच मारतो आम्ही," ते म्हणाले. समोरच्याच्या डोळ्यांत वाळू जायला हवी, ही त्या हालचालीची सगळी मेख, आणि ती मला फरशीवर कधी कळली नव्हती. त्या दिवसापासून मी शेतकरी-कोळी यांना या इतिहासातून पुसून टाकणाऱ्यांशीही वाद घालतो. काता पेचिनचा असेल, पण त्यातलं वल्हं समुद्रावर राबलेल्या माणसाचं आहे.

आता जी गोष्ट क्लासमध्ये जवळपास कुणीच सांगत नाही ती. ही विद्या नामशेष होता होता वाचली, आणि ती वाचवणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

१९०१ साली कराटेचे गुरू इतोसु आंको यांनी शुरीच्या प्राथमिक शाळेत कराटे शिकवायला सुरुवात केली. रिकाम्या हाताचं कराटे व्यायाम म्हणून शाळेत बसलं, पुढे जपानच्या विद्यापीठांत पोचलं, जगभर गेलं. हत्यारांना ती वाट नव्हती. साई आणि विळे घेऊन शाळेच्या मैदानात कोण उतरू देणार? त्यामुळे हत्यारांचे काता विखुरलेले राहिले: या गावातल्या एका म्हाताऱ्याकडे दोन, त्या बेटावरच्या घराण्याकडे एक. म्हातारा गेला की काता गेला. 'कोबुदो' हे एकत्रित नावसुद्धा अलीकडचं आहे. पूर्वी माणसं बो शिकत, साई शिकत, 'कोबुदो' कुणी शिकत नसे.

याबिकु मोदेन यांनी २०व्या शतकाच्या सुरुवातीला हे विखुरलेलं धन गोळा करायला घेतलं. त्यांचे शिष्य ताइरा शिनकेन. हे १८९७ साली कुमे बेटावर जन्मले, मूळ आडनाव माएझातो. तरुणपणी खाणीत काम करताना दरडीखाली सापडून त्यांचा पाय कायमचा अधू झाला. १९२२ साली तोक्योत त्यांची कराटेचे गुरू फुनाकोशी गिचिन यांच्याशी भेट झाली आणि ते कराटेकडे वळले. १९२९ पासून याबिकुंकडे हत्यारं शिकू लागले. पुढे गुन्मा प्रांतातल्या इकाहो या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी दोजो काढला, तिथे कराटेचे आणखी एक गुरू माबुनी केनवा यांना बोलावून घेऊन त्यांच्याकडूनही शिकले, आणि १९४० साली ओकिनावाला परतले. लंगडणारा हा माणूस गावोगावच्या जाणकारांकडून काता गोळा करत राहिला. त्यांनी आठ हत्यारांचे चाळीसहून अधिक काता एका अभ्यासक्रमात बांधले. जिथे काता उरलेच नव्हते तिथे स्वतः रचले. 'माएझातो नो तेक्को' हा मुठीत धरायच्या लोखंडी कड्याचा काता त्यांच्या जन्माच्या आडनावावरून ओळखला जातो. १९५५ साली त्यांनी कोबुदोच्या जतनासाठी संस्था उभी केली, १९६४ साली या विद्येवर ग्रंथ लिहिला, आणि १९७० साली गेले. त्यांचे शिष्य आकामिने एइसुके आणि इनोउए मोतोकात्सु यांनी त्यांचं काम पुढे नेलं.

दुसरा प्रवाह मातायोशी घराण्याचा. मातायोशी शिनको, जन्म १८८८. हे तरुणपणी घराबाहेर पडले ते होक्काइदो, साखालिन, मांचुरिया असं करत शांघाय आणि फूचौपर्यंत गेले, वाटेत जे जे सापडेल ते शिकले. विळ्यावर त्यांचा हात असा की लोक त्यांना 'विळ्याचे मातायोशी' म्हणत. १९२१ साली युवराज हिरोहितो ओकिनावाला आले तेव्हा शुरीच्या गडावर कराटेचे गुरू मियागी चोजुन यांच्या बरोबरीनं त्यांनी प्रात्यक्षिक केलं. त्यांचा मुलगा शिनपो यांनी नाहात दोजो काढला आणि त्याच्या 'कोदोकान' या नावात वडिलांच्या नावातलं अक्षर गुंफलं. मातायोशी परंपरेत खोऱ्याचाही काता आहे. म्हणजे शेतीचं अवजार हवंच असेल तर तिथे ते स्पष्ट, निखळ स्वरूपात आहे.

या दोन माणसांच्या कामाचं मोल कळायला १९४५ आठवायला हवं. १ एप्रिलला अमेरिकन सैन्य ओकिनावावर उतरलं आणि जूनच्या अखेरीपर्यंत लढाई चालली. शुरीच्या गडाखाली जपानी सैन्याचं मुख्यालय होतं, त्यामुळे गड धुळीला मिळाला. बेटावरच्या नागरिकांपैकी जवळपास चौथा हिस्सा माणसं मेली. त्यांत कितीतरी गुरू होते, घराण्यांचे कागद होते, वंशावळी होत्या. कोबुदोचा लिखित इतिहास इतका तोकडा का, याचं एक मोठं कारण हे तीन महिने आहेत. लढाईनंतर जे उरलं ते ज्यांच्या अंगात बसलं होतं त्यांच्या अंगात उरलं. काता हाच दस्तऐवज झाला. म्हणून एखादा विद्यार्थी 'ही हालचाल अवघड आहे, जरा बदलून करतो' म्हणाला की माझा जीव कासावीस होतो.

युद्धानंतर बेट २७ वर्षं अमेरिकेच्या ताब्यात होतं, १५ मे १९७२ रोजी ते जपानकडे परत आलं. या काळात तळांवरच्या अमेरिकन शिपायांनी कराटे आणि हत्यारं शिकून मायदेशी नेली, आणि 'शेतकरी विरुद्ध सामुराई' ही गोष्टही त्यांच्याबरोबर जगभर फिरली. १९९७ साली ओकिनावा प्रांतानं कराटे आणि जुन्या शस्त्रविद्येला आपला सांस्कृतिक वारसा म्हणून अधिकृत दर्जा दिला.

आता तुमच्या मुलीबद्दल. बो आधी, नानचाकू नंतर, असा क्रम असेल तर क्लास बरोबर चालला आहे. नानचाकू शिकवणारच असतील तर सुरुवातीला स्पंजचा द्यावा, आणि फिरवण्याआधी तो दोन्ही हातांत धरून अडवायला शिकवावं. बो तिच्या उंचीपेक्षा फार मोठा नसावा. मोठ्यांची सहा शाकूंची काठी लहान मुलीला दिली तर ती मागचं टोक जमिनीला लागू नये म्हणून खांदे वर उचलते, आणि ती खोड पुढे वर्षानुवर्षं जात नाही. माझ्या स्वतःच्या एका विद्यार्थिनीला मी ही चूक करू दिली होती, तिचे खांदे उतरायला दोन वर्षं लागली.

आणि ती जो काता शिकते आहे त्याचं नाव तिला विचारा. बहुधा ते शूशी नो कुन किंवा साकुगावा नो कुन असेल. पुढे कधीतरी ती चातान यारा किंवा त्सुकेन आकाचूपर्यंत पोचेल, तेव्हा नकाशावर ओकिनावाच्या पूर्वेला तिच्याबरोबर ते त्सुकेन बेट शोधा. एवढंसं आहे, नकाशा बराच मोठा करावा लागतो. सापडलं की तिला घेऊन समुद्रावर जा, एक वल्हं मागून घ्या, आणि वाळू उडवून बघायला सांगा.